भगताने घेतलेलं नाव

रडका काकांचं नाव रडका का, हे त्यांनी मला ओळख झाल्या झाल्या सांगून टाकलं होतं. जन्मल्यावर ते इतके रडले की आईबापाला दुसरं नावच सुचलं नाही. "तवाच सगळं रडून घेतलं, बाई. आता काय शिल्लक नाय," असं म्हणून ते हसले. त्यांच्या हसण्यात आवाज सगळ्यात शेवटी यायचा. आधी खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज फुटेपर्यंत समोरचा माणूस कशासाठी ते न कळताच हसायला लागलेला असायचा.

तलासरीच्या पूर्वेला, जिथे हायवेच्या ट्रकांचा आवाज थांबतो आणि डोंगर सुरू होतो, तिथल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी नेमणूक झाली होती. मी डहाणूहून स्कूटरने जायची. गाडी नवी होती आणि आईने तिच्या हँडलला लिंबू-मिरची बांधली होती. पहिल्याच दिवशी शाळेबाहेर गाडी लावली, तर खाकी अर्धी चड्डी आणि जुना टी-शर्ट घातलेला एक काटकुळा म्हातारा त्या लिंबाकडे वाकून बघत उभा.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

नजर लागू नये म्हणून, मी म्हटलं.

"गाडीला ब्रेक हाय?"

"आहे."

"मंग लिंबू वरणात पिळा."

मला वाटलं, गावात कुणीतरी सुधारक भेटला. आत गेल्यावर मुख्याध्यापक पाटील सरांनी सांगितलं की तो पाड्याचा भगत आहे. कुणी आजारी पडलं, गाय आटली, लग्न जमेना, की लोक त्याच्याकडे जातात. तो सुपात तांदळाचे दाणे टाकतो, पुटपुटतो, सूप हलवतो आणि कुठला देव रुसलाय ते सांगतो. मोबदला म्हणून कोंबडा घेतो, नाहीतर ताडी. हे सांगताना सरांचा चेहरा असा झाला होता, जणू दुधात माशी पडलीय.

पाटील सर सज्जन माणूस. मुलांवर जीव टाकणारे, पण देव या विषयावर त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. श्रद्धा म्हणजे काय, तर घाबरलेल्या माणसाची सवय, आणि ती सवय आज ना उद्या कुणाचा तरी बळी मागते, असं त्यांचं ठाम मत. मी बाबा गेल्यानंतरची माझी आई पाहिली होती. ती अंथरुणातून उठत नव्हती. शेजारच्या काकूंनी तिला गुरुवारच्या पूजेला ओढून नेलं, आणि त्या पूजेची फुलं तोडण्यासाठी म्हणून ती उठायला लागली. ती फुलं कुणाचा बळी मागत नव्हती. त्यामुळे सरांशी वाद घालताना मी कधी त्यांच्या बाजूला असायची, कधी आईच्या. माझं मत सोमवारी एक असायचं आणि गुरुवारी दुसरं.

रडका काकांना आमच्या वादाची गंमत वाटायची. दुपारच्या सुट्टीत ते शाळेच्या ओट्यावर येऊन बसत, ऐकत आणि मधेच एखादं वाक्य टाकून दोघांनाही अडचणीत आणत. एकदा शेतात एका माणसाला साप चावला. लोक त्याला उचलून काकांकडे घेऊन आले. पाटील सर धावतच गेले, आता इथे मंत्र म्हणत बसतील आणि माणूस जाईल या भीतीने. तिथे पोचले तर काका कुणाच्या तरी इको गाडीत आधीच चढून बसलेले आणि आतून ओरडत होते, "चला, चला, मंत्र गाडीत म्हणतो." दवाखान्यापर्यंत ते त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन मंत्र म्हणत गेले. इंजेक्शन मिळालं, माणूस वाचला. पाड्यावर परतल्यावर अर्ध्या लोकांनी श्रेय मंत्राला दिलं. सर चिडून म्हणाले, तुम्ही त्यांना खरं का सांगत नाही? काका म्हणाले, "मंत्र नसता तर तो गाडीत बसलाच नसता, सर. सुईला घाबरतो तो."

आमच्याकडे मधल्या काळात भूकंपाचे धक्के बसायला लागले. डहाणू-तलासरीच्या लोकांना ते नवीन नाहीत आता, पण सुरुवातीला माणसं फार भेदरली होती. भिंतींना भेगा गेल्या, लोक घराबाहेर प्लास्टिकच्या कापडाखाली झोपायला लागले. धरणी का हलते, असं विचारायला पाडाभर माणसं काकांच्या अंगणात जमली. काकांनी दाणेही टाकले नाहीत. म्हणाले, धरणी म्हातारी झाली, एका अंगावर पडून तिला कळ लागते, मग ती कूस बदलते. तिची कूस बदलून होईस्तोवर आपण बाहेर झोपायचं, आणि म्हातारीवर रागवायचं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी भूकंपाचा धडा शिकवला, तर एका मुलीने हात वर करून सांगितलं की खालचे खडक म्हणजे धरणीची कूस. पाटील सरांनी कपाळाला हात लावला. मला मात्र ते उत्तर पूर्ण चुकीचं म्हणवेना. शिवाय मुलं आता धक्का बसला की रडत नव्हती. "बदलली, बदलली," म्हणत ती मैदानात पळत.

इतपत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढच्या पावसाळ्यात ते तसं राहिलं नाही.

पाड्यावर काविळीची साथ आली. आधी एक मूल, मग त्याचा भाऊ, मग पलीकडच्या घरातली दोघं. डोळे पिवळे, अन्न जात नाही, उलट्या. आरोग्य केंद्राच्या सिस्टर रोज चिखल तुडवत यायच्या. विहिरीच्या पाण्याचा संशय आहे, पाणी उकळून प्या, म्हणून घरोघर सांगायच्या. त्यांनी विहिरीत औषधही टाकलं. पण कावीळ म्हणजे एका दिवसात जाणारा आजार नव्हे. देवजी नावाच्या तरुण शेतकऱ्याची मुलगी, सुनीता, पाणीसुद्धा पोटात ठरेना अशी झाली. सिस्टरांनी तिला मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. त्या दिवसापासून पाड्यावर कुजबुज सुरू झाली आणि ती चैतीबाईंच्या नावाशी येऊन थांबली.

चैतीबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, पाड्याच्या टोकाला एकट्या राहायच्या. स्वभाव जरा तिखट. मुलांनी ताटात टाकलं की ओरडायच्या. देवजीच्या मुलीलाही त्या आजारपणाआधी रागावल्या होत्या, आणि तेवढं पुरलं. आमच्या भागात अशा बाईला भुताळी म्हणतात. म्हणजे जिची नजर, जिचा हात माणसाला आतून खातो अशी. एकदा एखादीवर तो शब्द पडला की पुढे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. मारहाण होते, घर मोडतं, बाईला गाव सोडावं लागतं. कधी त्याहून वाईटही.

मुलांनी खिचडी खाणं थांबवलं. रिकामी ताटं घेऊन ती घरी पळायची. मी आणि सर त्यांच्यासमोर बसून जेवलो, काही उपयोग झाला नाही. रडका काका आले, चैतीबाईंकडून ताट भरून घेतलं, चाटूनपुसून खाल्लं, परत मागितलं. "मीठ कमी टाकतेस," अशी तक्रारही केली. चैतीबाई त्यांच्यावर ओरडल्या नाहीत. चुलीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्या आवाज न करता रडत होत्या.

मग एके दिवशी दुपारी शाळा सुटता सुटता एक मुलगी मला हळूच म्हणाली की सगळी माणसं भगताकडे गेलीत, भुताळीचं नाव काढायला. पाटील सर तलासरीला बैठकीला गेले होते. मी पोलीस पाटलांना फोन केला, ते झाई गावाला नातेवाइकांकडे गेलेले. पोलीस ठाण्यात फोन केला, त्यांनी गाडी काढतो म्हटलं, पण पावसात त्या रस्त्याने यायला वेळ लागणार हे मलाही कळत होतं. मी निघाले. वाटेत चैतीबाईंचं दार बाहेरून कुणीतरी कडी घालून बंद केलेलं दिसलं. समोर दोन तरुण बसले होते. ते माझे जुने विद्यार्थी नव्हते, एवढंच मला बरं वाटलं.

काकांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका कुडाला टेकून, पुरुष पुढे, काहींच्या हातात काठ्या. देवजी सगळ्यात पुढे बसला होता. कित्येक रात्री न झोपलेला माणूस दिसतो तसा दिसत होता. मी उभ्या उभ्याच बोलायला लागले. असं कुणाचं नाव घेणं हा गुन्हा आहे, कायदा आहे, पोलीस निघालेत. कुणी मला उलट बोललं नाही. ऐकूनही घेतलं नाही. पोर देवजीचं होतं आणि माझ्याकडे फक्त कायदा होता.

काका सुपासमोर बसले होते. ते मला म्हणाले, "बाई, बसा." आवाजात चेष्टा नव्हती. मी बसले.

त्यांनी दाणे टाकले. पुटपुटले. सूप हलवलं, थांबले, बघितलं. पुन्हा हलवलं. पुन्हा बघितलं. असं बराच वेळ चाललं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"नाव आलं," ते म्हणाले.

देवजी उठून उभा राहिला.

"रडका," काका म्हणाले.

काही माणसं हसली. त्यांना सवय होती काकांच्या चेष्टेची. पण काकांचे खांदे हलले नाहीत. ते म्हणाले, देवाला दिवा लावायचा तेव्हा मी ताडी पीत बसलो, देवाचा कोंबडा स्वतः खाल्ला, माझ्यातच दोष शिरलाय. पोरांना खातो तो मीच. "ज्याला काठी चालवायची त्यानं इथं चालवा. दुसऱ्या कुणाच्या दारात जायचं नाय."

पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस, धाकल आजा, काठीवर हनुवटी ठेवून बसला होता. तो मोठ्याने विचार करायला लागला. हा भुताळा असेल तर याचे दाणे खोटे. दाणे खोटे असतील तर याचं नाव खोटं. म्हणजे हा भुताळा नाही. भुताळा नाही तर दाणे खरे. दाणे खरे तर मग हाच भुताळा. एवढं बोलून आजा थांबला, परत पहिल्यापासून मोजायला लागला. शेजारच्याने त्याला मदत करायचा प्रयत्न केला, तोही अडकला. मागे दोघांचं त्यावरून भांडण जुंपलं. भीतीने गच्च झालेलं ते अंगण हळूहळू सैल होत गेलं, ते मला दिसत होतं.

देवजीला मात्र हिशेब नको होता. त्याने काठी उचलली आणि काकांच्या खांद्यावर घातली. आवाज आला. काका बसल्या जागी कलंडले, हात टेकून सावरले, पण उठून पळाले नाहीत. देवजीने पुन्हा काठी वर नेली आणि ती त्याच्याच्याने खाली येईना. तो तिथेच खाली बसून हुंदके द्यायला लागला. काकांनी दुसऱ्या, धड हाताने त्याची पाठ थोपटली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. साडी गुडघ्यापर्यंत चिखलात. त्या दवाखान्यातून थेट येत होत्या. अंगणातला प्रकार बघून त्या आधी थबकल्या. मग देवजीला म्हणाल्या, "अरे, इथे काय करतोस? तुझी मुलगी सावरलीय. सकाळपासून कुरकुरे मागतेय. डॉक्टर नको म्हणतात आणि ती ऐकत नाही."

आधी एक बाई हसली. मग सगळं अंगण. देवजी रडत रडतच हसला. पोलिसांची गाडी आली तेव्हा तिथे फक्त काका आणि सिस्टर उरले होते, सिस्टर त्यांच्या खांद्याला पट्टी बांधत होत्या, आणि मी चैतीबाईंच्या दाराची कडी काढायला गेले होते. पोलिसांनी काकांना विचारलं, कुणी मारलं? काका म्हणाले, पडलो. पोलीस मग पाड्यावर फिरले, सगळ्यांना समज दिली, आणि पुढे महिनाभर अधूनमधून त्यांची गाडी चक्कर मारून जायची.

साथ हळूहळू ओसरली. सुनीता बरी होऊन घरी आली, वजन कमी झालेलं पण जीभ शाबूत. चैतीबाईंच्या चुलीसमोर पुन्हा ताटं लागली आणि पुन्हा ओरडाही सुरू झाला. पण पाड्याने या सगळ्याचा अर्थ काय लावला? तर भगताने आपला दोष कबूल केला, म्हणून आजार गेला. पाटील सरांनी हे ऐकलं आणि दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. एवढं होऊनही लोक तिथेच, असं ते म्हणत राहिले. त्यांचं दुःख खरं होतं. बळी टळला होता, पण बळी मागणारी भूक तशीच होती, हे त्यांना दिसत होतं आणि मलाही.

काकांना त्याची किंमत मोजावी लागली. सुगीला पाड्याने गुजरातच्या बाजूचा दुसरा भगत आणला. काही आया काका दिसले की लहान मुलांवर पदर टाकायच्या. कोंबडे बंद, ताडी बंद. थंडीत त्यांचा तो खांदा ठणकायचा. मी हळहळले तर म्हणाले, "बरं झालं, बाई. आता रात्री-बेरात्री कोण उठवत नाय. माझीच झोप मलाच." ते डहाणूकडे चिकूच्या वाडीत कामाला जायला लागले. तिथे मजूर बायकांना ते इतके हसवत की मालकाने त्यांना तोडणीवरून काढून राखणीला बसवलं.

त्यांनी असं का केलं, हे मी त्यांना बरेच दिवस विचारलं नव्हतं. एकदा ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांचा बापही भगत होता. काका लहान असताना पाड्यात गुरं मरायला लागली आणि बापाने दाण्यांत बघून एक नाव घेतलं. ते नाव काकांच्या मावशीचं होतं, आईच्या सख्ख्या बहिणीचं. लोकांनी तिचं घर मोडलं. ती डोंगर ओलांडून गुजरातेत गेली ती कायमची. काकांची आई त्यानंतर नवऱ्याशी कधी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी द्यायची, पण शब्द नाही. शेवटपर्यंत.

"बापूस लबाड होता का?" मी विचारलं.

"नाय ना," काका म्हणाले. "लबाड असता तर कोंबडा देऊन मावशी सुटली असती. त्याला खरंच दिसलं होतं."

हे मी पाटील सरांना सांगितलं. ते म्हणाले, बघा, मी हेच म्हणत होतो. पुढे म्हणाले, पण हा माणूस मला कळत नाही. आम्ही दोघांनी आमच्यापुरतं ठरवून टाकलं की काकांचा दाण्यांवरचा विश्वास त्या लहान वयातच उडाला असणार. लोकांच्या समाधानासाठी ते सूप हलवत असणार, आतून ते आमच्यातलेच. तसं मानलं की सगळं नीट जुळत होतं. सर त्यानंतर काकांना चहा पाजायला लागले.

गेल्या वर्षी माझी बदली झाली, डहाणूजवळ समुद्राकडच्या शाळेत. शेवटच्या दिवशी काका नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन आले. मुलं निरोपाच्या गडबडीत होती, सर फोटो काढायला सगळ्यांना रांगेत उभं करत होते. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. विचारायचं तर आत्ताच, असं वाटून मी विचारलं.

"काका, त्या दिवशी दाण्यांत खरंच काय दिसलं होतं?"

काहीच दिसत नसतं, बाई, असं ते म्हणतील याची मला खात्री होती. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मैदानात मुलांच्या मागे ओरडत फिरणाऱ्या चैतीबाईंकडे.

"तिचंच नाव," ते म्हणाले. "परत परत सूप हलवलं. दर टायमाला तिचंच."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली. म्हटलं, "मग?"

"मंग काय. देवाला सांगलं, तू चुकलास."

"आणि देव काय म्हणाला?"

"काय म्हणल? गप बसला," काका म्हणाले. "शहाणा हाय तो."